पेटंटांची मोजदाद आणि राज्याची प्रगती

पेटंट कार्यालयाचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला, की कोणत्या राज्यातून किती अर्ज आले याचा तक्ता वृत्तपत्रांतून छापून येतो. तक्त्यात जे राज्य वर असेल तेथील मंत्री आपल्या धोरणाचे यश म्हणून त्याकडे बोट दाखवितात. जे राज्य खाली घसरले असेल तेथील विरोधी पक्ष सरकारला जाब विचारतो. महाराष्ट्र या तक्त्यात अनेक वर्षे पहिल्या क्रमांकावर होता. अलीकडे मात्र तमिळनाडूने त्याला मागे टाकले. २०२२-२३ या वर्षात तमिळनाडूतून सुमारे ७,७००, महाराष्ट्रातून सुमारे ५,६००, उत्तर प्रदेशातून साधारण ५,५५० आणि कर्नाटकातून सुमारे ५,४०० अर्ज दाखल झाले. साहजिकच प्रश्न विचारला गेला, की महाराष्ट्र नवनिर्मितीत मागे पडला काय?

हा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नाही. या आकड्यांच्या आधारे राज्ये आपली धोरणे आखतात, नवउद्योगांना साहाय्य देतात, विद्यापीठांचे मानांकन ठरते आणि अंतिमतः सार्वजनिक पैसा कोठे खर्च व्हावा याचा निर्णय होतो. मोजपट्टीच चुकीची असेल, तर तिच्या आधारे उभारलेले धोरणही चुकीच्या दिशेने जाणार. म्हणूनच पेटंटांच्या संख्येवरून एखाद्या राज्याची नवनिर्मितीची क्षमता खरोखर कळते का, आणि तिचा आर्थिक विकासाशी नेमका संबंध काय, हे शांतपणे तपासून पाहणे आवश्यक आहे.

पेटंट म्हणजे नेमके काय?

पेटंट, अर्थात सरकारी परिभाषेत 'एकस्व', हा राज्यसंस्थेने संशोधकाशी केलेला एक सौदा असतो. संशोधकाने आपल्या शोधाची संपूर्ण माहिती जगासमोर उघड करायची आणि त्या मोबदल्यात राज्यसंस्थेने त्याला ठरावीक काळापुरता त्या शोधावर एकाधिकार द्यायचा. सध्याच्या भारतीय कायद्यानुसार ही मुदत अर्ज केल्याच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. शोध नवा असावा, जाणकाराला सहज सुचण्यासारखा नसावा आणि उद्योगात उपयोगी पडणारा असावा, या तीन मुख्य अटी आहेत.

ही कल्पना जुनी आहे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १४७४ मध्ये याविषयीचा कायदा केला. इंग्लंडमध्ये १६२४ चा मक्तेदारीविषयक कायदा झाला. भारतात पहिला कायदा १८५६ मध्ये आला आणि त्या कायद्याखालील पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी केला, तो छताचा पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. साहेबाच्या कचेरीतील पंखा ओढणाऱ्या माणसाचे काम यंत्राने करावे, असा तो शोध होता.

संशोधन ही डोळ्यांना न दिसणारी प्रक्रिया आहे. किती टन पोलाद तयार झाले हे मोजता येते. किती नव्या कल्पना निर्माण झाल्या हे मोजता येत नाही. पेटंटाची मात्र नोंद होते, त्यावर तारीख असते, संशोधकाचे नाव व पत्ता असतो, तंत्रज्ञानाचा प्रकार लिहिलेला असतो आणि ही सर्व माहिती दीडशे वर्षांहून अधिक काळाची उपलब्ध असते. अर्थशास्त्रज्ञांना ही नोंद मोहात पाडते, यात नवल नाही. हार्वर्डचे झ्वी ग्रिलिकेस यांनी १९९० मध्ये या विषयाचा विस्तृत आढावा घेतला, तेव्हाही त्यांचा सूर असाच होता: साधन सदोष आहे, परंतु दुसरे इतके तपशीलवार साधन हाताशी नाही.

विकासाशी संबंध

तंत्रज्ञानातील सुधारणेचा आर्थिक विकासाशी संबंध किती घट्ट आहे, हे रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. १९०९ ते १९४९ या काळात अमेरिकेतील दर श्रमतासामागे होणारे उत्पादन जवळपास दुप्पट झाले. या वाढीपैकी केवळ आठवा हिस्सा भांडवलाच्या वाढीने स्पष्ट होत होता. उरलेले सात हिस्से व्यापक अर्थाने तांत्रिक बदलाच्या खात्यावर जमा करावे लागले. सोलो यांच्या गणितात हा तांत्रिक बदल आकाशातून पडल्यासारखा होता. पॉल रोमर यांनी १९९० मध्ये त्याला अर्थव्यवस्थेच्या आतच जागा दिली: संशोधनावर माणसे आणि पैसा लावला, की कल्पना निर्माण होतात आणि एकाने शोधलेली कल्पना असंख्य लोकांना वापरता येते. या कार्यासाठी त्यांना २०१८ चा नोबेल पुरस्कार मिळाला. नवनिर्मिती आणि विकास याच विषयावरील कार्यासाठी २०२५ चा अर्थशास्त्राचा नोबेल जोएल मोकिर, फिलिप अघियाँ आणि पीटर हॉविट यांना देण्यात आला.

मात्र येथे एक घसरडी पायरी आहे. तंत्रज्ञानामुळे विकास होतो, हे सिद्ध झाले म्हणून पेटंटांमुळे विकास होतो, असे सिद्ध होत नाही. जेकब श्मूक्लर यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतील रेल्वे व अन्य उद्योगांचा दीर्घकालीन अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले, की आधी त्या उद्योगातील गुंतवणूक वाढते आणि मागाहून त्या क्षेत्रातील पेटंटांची संख्या वाढते. बाजारपेठ विस्तारली, मागणी आली, की संशोधक त्या दिशेला वळतात. म्हणजे समृद्धी हे पेटंटांचे फळ असू शकते, तसेच पेटंटे हे समृद्धीचे फळ असू शकते. श्रीमंत राज्यांतून अधिक अर्ज येतात, एवढ्यावरून अर्ज वाढविले की राज्य श्रीमंत होईल, असा निष्कर्ष काढणे म्हणजे पाऊस पडला की छत्र्या उघडतात, म्हणून छत्र्या उघडल्यास पाऊस पडेल असे मानण्यासारखे आहे.

मोजमाप राज्यपातळीवर का करावे, यालाही आधार आहे. अ‍ॅडम जॅफी, मॅन्युएल ट्राख्टेनबर्ग आणि रिबेका हेंडरसन यांनी १९९३ मध्ये अमेरिकन पेटंटांमधील संदर्भांचा अभ्यास केला. नव्या पेटंटात जुन्या ज्या पेटंटांचा आधार घेतलेला असतो, त्यांचा उल्लेख करावा लागतो. हे उल्लेख त्याच शहरातील वा राज्यातील पेटंटांकडे अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात जातात, असे त्यांना आढळले. ज्ञान हवेत असते खरे, पण ते जवळच्या माणसांच्या श्वासात आधी जाते. एका प्रयोगशाळेतील माणूस नोकरी बदलून शेजारच्या कारखान्यात जातो, चहाच्या टेबलावर गप्पा होतात, जुने विद्यार्थी एकमेकांना भेटतात. अ‍ॅनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात मॅसॅच्युसेट्समधील बॉस्टनचा परिसर आणि कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली यांची तुलना केली. दोन्हीकडे नामांकित विद्यापीठे होती, दोन्हीकडे सरकारी संरक्षण-संशोधनाचा पैसा होता. बॉस्टनच्या मोठ्या कंपन्यांनी ज्ञान चार भिंतींत बंदिस्त ठेवले; कॅलिफोर्नियात माणसे मुक्तपणे एका कंपनीतून दुसरीत जात राहिली आणि १९८० च्या दशकात तिने बॉस्टनला मागे टाकले. हा फरक पेटंटांच्या यादीतून दिसला नसता.

अर्ज, प्रसिद्धी आणि मंजुरी

आपल्याकडच्या आकड्यांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. वृत्तपत्रांत येतो तो आकडा बहुधा अर्जांचा असतो. अर्ज करणे याचा अर्थ शोध मान्य झाला असा नव्हे. अर्ज दाखल झाल्यावर १८ महिन्यांनी तो आपोआप पेटंट नियतकालिकात प्रसिद्ध होतो. घाई असेल तर अधिक शुल्क भरून तो महिन्याभरातही प्रसिद्ध करवून घेता येतो. या टप्प्यापर्यंत शोध नवा आहे की नाही, याची कोणीही तपासणी केलेली नसते. त्यासाठी स्वतंत्र विनंती करावी लागते. पूर्वी तिला ४८ महिन्यांची मुदत होती; २०२४ च्या सुधारित नियमांनी ती ३१ महिन्यांवर आणली. विनंतीच केली नाही, तर अर्ज मागे घेतला असे मानले जाते. त्यामुळे 'आमच्या महाविद्यालयाची इतकी पेटंटे प्रसिद्ध झाली' असे फलक जेव्हा दिसतात, तेव्हा त्याचा अर्थ 'आम्ही इतके अर्ज टपालात टाकले' एवढाच घ्यावा.

तरीही अशा अर्जांचे पीक का येते? याचे उत्तर नियमांतच सापडते. उच्च शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय मानांकनात मंजूर पेटंटांबरोबरच केवळ प्रसिद्ध झालेल्या पेटंटांनाही गुण असतात. सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी पेटंटचे शुल्क ८० टक्क्यांनी कमी करण्यात आले. हेतू स्तुत्य होता. पण त्यानंतर शिक्षणसंस्थांच्या अर्जांची संख्या झपाट्याने वाढली. याचे ठळक उदाहरण पंजाबचे. तेथून २०२२-२३ मध्ये सुमारे ३,४०० अर्ज आले, आणि त्यांतील फार मोठा वाटा मोजक्या खासगी विद्यापीठांचा होता. २०११ च्या जनगणनेचा आधार घेतला, तर दर लाख लोकसंख्येमागे पंजाबचे अर्ज १२ हून अधिक, तमिळनाडूचे सुमारे ११, कर्नाटकचे सुमारे ९, महाराष्ट्राचे ५ आणि उत्तर प्रदेशाचे ३ हूनही कमी ठरतात. एकाच वर्षाचे तेच आकडे. भागाकार केला, की उत्तर प्रदेश तिसऱ्या क्रमांकावरून या पाचांत तळाला जातो आणि पंजाब सर्वांत वर येतो. पंजाब हे देशातील सर्वांत नवनिर्मितीशील राज्य आहे, असे मात्र कोणी म्हणणार नाही.

राष्ट्रीय पातळीवरील आकड्यांतही असाच सावधपणा हवा. २०१४-१५ मध्ये देशात ४२,७६३ अर्ज आले होते आणि ५,९७८ पेटंटे मंजूर झाली होती. २०२३-२४ मध्ये अर्ज ९२,१६८ झाले आणि २०२४-२५ मध्ये त्यांनी एक लाखाचा टप्पा ओलांडला. परदेशी अर्जदारांपेक्षा देशी अर्जदार आता अधिक आहेत, ही निश्चितच समाधानाची बाब होय. परंतु मंजुरीचा आकडा २०२२-२३ मध्ये ३४,१३४ होता, तो पुढच्याच वर्षी १,०३,०५७ झाला. एका वर्षात भारतीयांची प्रतिभा तिप्पट झाली काय? अर्थातच नाही. पेटंट कार्यालयात मनुष्यबळ वाढले आणि साचलेल्या अर्जांचा निपटारा झाला. मार्च २०२२ अखेर या कार्यालयात तपासनीस व नियंत्रक मिळून केवळ ८६० माणसे होती, तर चीनमध्ये ही संख्या १३,७०४ आणि अमेरिकेत ८,१३२ होती. एक अर्ज निकाली निघण्यास भारतात सरासरी ५८ महिने लागत. ज्या वर्षी कार्यालयाने टेबलावरील ढीग उपसला, त्या वर्षीचा आकडा हा कार्यालयाच्या कार्यक्षमतेचा निर्देशांक आहे, संशोधनाचा नव्हे.

पत्ता कोणाचा मोजायचा?

राज्यवार तक्त्यात आणखी एक मेख आहे. अर्ज कोणत्या राज्याच्या खात्यावर जमा होतो, हे अर्जदाराच्या पत्त्यावरून ठरते. मुंबई ही देशातील बड्या कंपन्यांच्या मुख्यालयांची नगरी. रिलायन्सचे नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉइंटला आहे, पण तिचा जगप्रसिद्ध तेलशुद्धीकरण प्रकल्प गुजरातेत जामनगरला आहे. हिंदुस्थान युनिलिव्हरचे मुख्यालय अंधेरीत आहे, तर युनिलिव्हरचे मोठे संशोधन केंद्र बंगळुरूत. मुख्यालयाच्या पत्त्यावरून केलेला अर्ज महाराष्ट्राच्या रकान्यात पडतो, मग तो शोध लावणारा रसायनतज्ज्ञ कोणत्याही गावी बसलेला असो.

उलट उदाहरण कर्नाटकचे. बंगळुरूत अनेक अमेरिकन व युरोपीय कंपन्यांची संशोधन केंद्रे आहेत. तेथील भारतीय अभियंत्यांनी लावलेल्या शोधांची मालकी बहुधा परदेशस्थ मूळ कंपनीकडे जाते आणि अर्जही तिच्याच नावाने होतो. म्हणजे बुद्धी कानडी मातीत राबली, पण नोंद झाली कॅलिफोर्नियाच्या नावे. त्यामुळे अर्जदाराच्या पत्त्याबरोबरच संशोधकांचे पत्ते घ्यावेत आणि एका शोधात चार राज्यांचे चार संशोधक असतील तर प्रत्येक राज्याला पाव हिस्सा द्यावा, ही पद्धत अधिक न्याय्य मानली जाते.

जे पेटंटात मावत नाही

मोजपट्टीत जे सापडते त्याविषयी आतापर्यंत बोललो. जे सापडतच नाही, ते अधिक मोलाचे असू शकते.

१८५१ साली लंडनमध्ये जगातील पहिले मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले होते. पेट्रा मोझर या अर्थशास्त्रज्ञ विदुषींनी त्याच्या सूचीचा अभ्यास केला, तेव्हा ब्रिटिश प्रदर्शकांनी मांडलेल्या वस्तूंपैकी जेमतेम ११ टक्के वस्तूंना पेटंट होते, असे त्यांना आढळले. स्वित्झर्लंडमध्ये १८८८ पर्यंत परिणामकारक पेटंट कायदा नव्हता. नेदरलँड्सने आपला कायदा १८६९ मध्ये रद्द केला आणि १९१२ मध्ये पुन्हा आणला. त्या काळात हे देश काही निर्बुद्ध झाले नव्हते.

भारतातील औषध उद्योगाची कथा अशीच आहे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीने १९५९ मध्ये दाखवून दिले, की भारतातील ८० ते ९० टक्के पेटंटे परकीयांच्या नावे आहेत आणि त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक येथे वापरातच नाहीत. आकड्यांचा तक्ता पाहिला असता, तर देशात पेटंटे भरपूर होती. देशाला त्यांचा उपयोग मात्र नव्हता. त्यातून १९७० चा कायदा आला आणि २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. औषधांच्या रेणूवर पेटंट मिळणे बंद झाले, ते केवळ प्रक्रियेवर मिळू लागले. त्यानंतरच्या वर्षांत पेटंट अर्जांची संख्या घसरली. परंतु याच काळात मुंबई, अहमदाबाद व हैदराबाद येथील कंपन्यांनी नव्या प्रक्रिया शोधून स्वस्त औषधे जगभर पोहोचविली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांनी त्याला हातभार लावला. पेटंटे घटली आणि उद्योग बहरला! जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून रेणूवरील पेटंट पुन्हा सुरू झाले, तोवर हा उद्योग आपल्या पायावर उभा राहिला होता.

संगणकाच्या प्रणालींना भारतीय कायद्यानुसार निव्वळ प्रणाली म्हणून पेटंट मिळत नाही. पुण्याच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे बरेचसे काम त्यामुळे या तक्त्याबाहेर राहते. मुंबईच्या वित्तसेवांतील नव्या कल्पना, डबेवाल्यांची खुणांची पद्धत, कारखान्यांनी गुपित ठेवलेली कृती, यांपैकी कशाचीच नोंद नाही. वनस्पतींची वाणेही पेटंटच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांच्यासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे.

येथे चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. जेमतेम दीड एकर जमीन, तिसरीपर्यंतचे शिक्षण. १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातील धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवडून, पेरून, पारखून एक बारीक दाण्याचे, चवदार आणि भरघोस उत्पन्न देणारे वाण सिद्ध केले. त्या वेळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला 'एचएमटी' हे नाव पडले. ते विदर्भातून शेजारच्या राज्यांत लाखो एकरांवर पसरले. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. पुढेही त्यांनी अनेक वाणे विकसित केली. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या हाती संपत्ती अशी काही नव्हती.

महाराष्ट्राच्या पेटंट-तक्त्यात दादाजींचा आकडा शून्य आहे. हजारो शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढविणारा शोध शून्य मोजला जातो आणि कोणीही कधीही न वापरणारा, परीक्षणाची विनंतीही न केलेला अर्ज एक मोजला जातो. मोजपट्टीतील दोष यापेक्षा स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

याच्या नेमकी उलट गोष्ट हळदीची. जखम बरी करण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेने मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील संशोधकांना दिले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ च्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख पुरावा म्हणून सादर केले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट दोन वर्षे एका अमेरिकन राज्याच्या नवनिर्मितीच्या आकड्यात जमा होती!

आकडा हेच ध्येय झाले की

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेला विचार आता नियम म्हणून ओळखला जातो: एखादे मोजमाप ध्येय बनले, की ते चांगले मोजमाप राहत नाही. चीनने याचा अनुभव घेतला. शांघायने १९९९ मध्ये पेटंट अर्जांसाठी अनुदान सुरू केले, पाठोपाठ अन्य प्रांतांनी त्याचे अनुकरण केले. अर्जांची संख्या जगात सर्वाधिक झाली. परंतु त्यांत अनुदानासाठी केलेले, एकाच शोधाचे तुकडे पाडलेले अर्ज इतके होते, की अखेर २०२१ मध्ये तेथील केंद्रीय प्रशासनाने ही अनुदाने २०२५ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडे राज्ये अर्जाच्या खर्चाची भरपाई देण्याच्या योजना आखीत असताना हा धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पैसा अर्जावर द्यायचा, की मंजूर होऊन प्रत्यक्ष वापरात आलेल्या शोधावर, हा खरा प्रश्न आहे.

निती आयोगाचा नवोन्मेष निर्देशांक एका आकड्याऐवजी अनेक निकष एकत्र करतो. त्याच्या २०१९, २०२१ आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिन्ही अहवालांत मोठ्या राज्यांमध्ये कर्नाटक पहिले आहे. महाराष्ट्र अनुक्रमे तिसरा, दुसरा आणि चौथा. मात्र तिसऱ्या अहवालात निकषांची संख्या ३६ वरून ६६ करण्यात आली. त्यामुळे महाराष्ट्र खरोखर घसरला, की मोजण्याची रीत बदलली, हे केवळ क्रमांकावरून सांगता येत नाही.

मग मोजावे कसे?

पेटंटांची मोजदाद टाकून द्यावी, असे कोणी म्हणत नाही. ती अधिक शहाणपणाने करावी, एवढेच. त्यासाठी काही सोप्या गोष्टी आहेत.

पहिली, अर्जांऐवजी मंजूर पेटंटे मोजावीत आणि तीही अर्जाच्या वर्षानुसार लावावीत, म्हणजे कार्यालयातील दिरंगाईचा परिणाम वजा होईल. दुसरी, पेटंट जिवंत आहे का ते पाहावे. तिसऱ्या वर्षापासून पेटंट चालू ठेवण्यासाठी वाढते शुल्क भरावे लागते. दहा-बारा वर्षे जो मालक हे शुल्क भरतो, त्याला त्या शोधातून काही मिळत असले पाहिजे. तिसरी, पुढील संशोधकांनी त्या पेटंटाचा किती वेळा उल्लेख केला ते पाहावे. ट्राख्टेनबर्ग यांनी सीटी स्कॅन यंत्रांच्या पेटंटांवरून १९९० मध्ये दाखविले, की नुसती संख्या समाजाला झालेल्या लाभाविषयी फारसे सांगत नाही. उल्लेखांचे वजन दिले, की ती बोलू लागते.

चौथी गोष्ट भारतीय कायद्याची देणगी आहे. पेटंटधारकाला आपला शोध देशात प्रत्यक्ष वापरला जातो की नाही, याचे विवरणपत्र ठरावीक काळाने भरावे लागते. या तरतुदीचे महत्त्व मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून दिल्या गेलेल्या निकालाने दिसून आले. बायर कंपनीचे कर्करोगावरील औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकले जात होते. ते पुरेशा रुग्णांपर्यंत पोहोचत नाही आणि देशात त्याचा वापर होत नाही, या कारणांवरून नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना देण्यात आला आणि किंमत सुमारे ८,८०० रुपयांवर आली. पेटंट असणे आणि लोकांना त्याचा लाभ होणे यांतील अंतर या दोन आकड्यांमध्ये आहे. राज्यवार तक्त्यात 'वापरात असलेली पेटंटे' असा रकाना आला, तर कितीतरी भपका आपोआप उतरेल.

पाचवी, विकासाचा निकष म्हणून राज्याच्या एकूण उत्पन्नाकडे पाहू नये. महाराष्ट्राचे स्थूल उत्पन्न देशात सर्वाधिक आहे, राष्ट्रीय उत्पन्नात त्याचा वाटा १३ टक्क्यांच्या वर आहे. पण दरडोई उत्पन्नात तेलंगण आणि कर्नाटक पुढे आहेत. दर कामगारामागे होणारे उत्पादन किती वाढले, आणि पाच-दहा वर्षांपूर्वीच्या संशोधनाशी त्याचे काही नाते लागते का, हे तपासावे. शोधाचे फळ त्याच वर्षी मिळत नसते. शिवाय राज्याची सरासरी मुंबई-पुण्याच्या पट्ट्याने ठरते. गडचिरोली वा हिंगोलीचे काय, हे ती सांगत नाही.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे मुळाकडे पाहावे. भारत आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण ०.६४ टक्के रक्कम संशोधन व विकासावर खर्च करतो. चीन सुमारे अडीच टक्के, अमेरिका साडेतीन टक्क्यांच्या आसपास, तर दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या जवळ. पाणी घालायचे नाही आणि फळे मात्र दरवर्षी मोजायची, यातून बाग वाढत नाही. विद्यापीठांतील रिक्त प्राध्यापकपदे भरणे, प्रयोगशाळांना उपकरणे देणे, जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या दादाजींच्या शेतावर वेळेवर पोहोचणारा कृषिशास्त्रज्ञ असणे, या गोष्टी कोणत्याही तक्त्यात लगेच दिसत नाहीत.

पुढील वर्षी पुन्हा अहवाल येईल. महाराष्ट्र कदाचित पुन्हा वर चढेल, कदाचित आणखी एक पायरी उतरेल. त्या वेळी वाचकांनी दोनच प्रश्न विचारावेत: यांतील किती शोध मंजूर झाले, आणि मंजूर झालेल्यांपैकी किती आज कोणाच्या तरी कारखान्यात, दवाखान्यात वा शेतात वापरात आहेत? या प्रश्नांची उत्तरे देता येतील अशी नोंद ज्या दिवशी आपले राज्य ठेवू लागेल, त्या दिवशी क्रमांकाची चिंता करण्याचे कारण उरणार नाही.